चूल बांधायची की सुटी घ्यायची? आधी धुराची वाट ठरवा

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं हे भाषण. ज्या सख्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज आपल्यापुढे कर्जाचे दोन अर्ज आहेत आणि दोन्ही चुलीचेच आहेत. एका गटाला सुट्या लोखंडी चुली एकदम विकत घ्यायच्या आहेत. दुसऱ्या गटातल्या बायांना मातीची, धुराड्याची चूल घरात बांधून घ्यायची आहे. मागच्या बैठकीत यावर बराच आवाज झाला. कुणी म्हणालं, बांधलेलीच खरी. कुणी म्हणालं, आता कोण माती कालवत बसणार? अध्यक्षताईंनी मला सांगितलं, तू दोन्ही वापरल्या आहेस, तर तूच बोल. म्हणून उभी राहिले.

पहिलं म्हणजे, ‘आता घरोघर गॅस आहे, चुलीचं काय काढून बसलात’ असं कुणी म्हणू नका. उज्ज्वला योजना २०१६ साली आली. आपल्यातल्या पुष्कळ जणींकडे सिलिंडर आहे आणि भाजी, चहा, मुलांचा डबा त्याच्यावरच होतो. तो तसाच होऊ द्या, ती चांगलीच गोष्ट आहे. पण आंघोळीचं पाणी कशावर तापतं? भाताचा मोठा टोप, तांदळाच्या भाकऱ्या, सणावारी वीस माणसांचं जेवण कशावर होतं? वाडीत झावळ्या, पोयी, सोडणं, करवंट्या फुकट पडलेल्या असतात. त्या सोडून पाणी तापवायला कुणी सिलिंडर जाळत नाही. आणि पावसाळ्यात आपल्याला ऊबही चुलीचीच लागते. श्रावण उलटला तरी गोधड्या वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, म्हातारी माणसं चुलीपुढून हलत नाहीत. तेव्हा चूल घरात राहणार आहे. ती कशी असावी एवढंच ठरवायचं आहे.

हा प्रश्न आपल्यालाच पडतो असंही नाही. थंडीच्या देशांत घर तापवायला लाकडाची शेगडी लागते, आणि तिथेही लोक हाच विचार करतात. भिंतीतल्या कोनाड्यात बसवून घ्यावी की खोलीत सुटी उभी करावी? सुटीची ऊब चारही बाजूंनी मिळते. भिंतीतली जागा अडवत नाही, पण तिची ऊब जास्त करून समोरच येते. असा त्यांचा हिशेब चालतो. मात्र एक गोष्ट नीट बघा. त्या दोन्ही शेगड्यांना धुराडं असतं. सुटी असली तरी तिचा पाईप छपरातून बाहेर गेलेला असतो. धूर घरात राहील की बाहेर जाईल, हा प्रश्नच तिथे उरत नाही.

आपल्याकडे सुटी चूल म्हणजे बिनधुराड्याची चूल. तिथेच आपला घोटाळा होतो. आपण बांधलेली की सुटी यावर भांडतो, आणि धूर जाणार कुठून हे विचारायचं राहून जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे घरातल्या चुलीच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली. त्यात पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांच्या वर मुलं होती. दमा, न्यूमोनिया, हृदयाचे आजार, पक्षाघात, सगळ्यांत धुराचा हात आहे. चुलीपुढे बसते कोण? आपण. आणि आपल्या मांडीवर असतं कोण? लेकरू.

आता दोन्हींचे गुणदोष सांगते.

बांधलेल्या चुलीपासून सुरुवात करू. आपल्या आज्यांची चूल बांधलेलीच होती. पुढे तोंड, मागे वैल, शेजारी राखेची जागा. फक्त तिला धुराडं नव्हतं. बिनधुराची चूल करायचा खटाटोप फार जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतली मगन चूल जुन्या लोकांना ठाऊक असेल. पुढे १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तो २००२ पर्यंत चालला. तेव्हा गावोगाव निर्धूर चुली बांधल्या गेल्या. इथे बसलेल्या मोठ्या बायांपैकी किती जणींच्या घरी ती चूल होती? हात वर करा. आणि आज किती जणींच्या घरी ती चालू आहे? बघा, सगळे हात खाली गेले.

का गेले? चूल वाईट होती म्हणून नाही. पाईप काजळीने भरला तो कुणी साफ केला नाही. चुलीचं तोंड पडलं, ते आपण हाताने लिंपलं आणि माप बदललं. तोंड मोठं झालं, आतली वाट अरुंद झाली, मग धूर उलटा घरात यायला लागला. कंटाळून पाईप काढला आणि भोक बुजवून टाकलं. ओडिशातल्या ४४ गावांत अशा धुराड्याच्या चुली दिल्यावर अभ्यासकांनी अडीच हजारांवर घरांत चार वर्षं पाहणी केली. पहिल्या वर्षी बायांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे निगा राहिली नाही, चुली मोडल्या, वापर कमी झाला, आणि तो फायदा उरला नाही. म्हणजे आपल्याकडे झालं तेच तिकडेही झालं.

पण नीट राखली तर बांधलेल्या चुलीचे फायदे मोठे आहेत. धूर छपरावरून जातो. एका जाळावर दोन भांडी होतात, पुढे भात आणि मागच्या वैलावर डाळ नाहीतर पाणी. मोठा टोप ठेवला तरी हलत नाही. भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर फुगवता येते. आणि मातीचा ओटा तापला की जाळ विझल्यावरही तास-दोन तास ऊब देतो. पावसाळ्यात ही ऊब लाखमोलाची.

ती बांधताना काय सांभाळायचं, ते लिहून घ्या.

पाईप तीन-चार इंची घ्यावा, शक्य तितका सरळ ठेवावा आणि कौलांच्या वर निदान दोन फूट जाऊ द्यावा. कौलांच्या बरोबरीने ठेवला तर दर्याकडचा वारा धूर परत आत ढकलतो. वर टोपी हवीच, नाहीतर आषाढात पाईपातून थेट चुलीत पाणी.

वासा आणि रिपांपासून पाईप निदान वीतभर लांब हवा, आणि छपरातून जातो तिथे भोवती पत्रा हवा. ज्यांचं छप्पर झापांचं आहे, त्यांनी त्यातून पाईप काढूच नये. भिंतीतून बाहेर काढून मग वर न्यावा, तोही झापांपासून लांब.

चूल दाराच्या समोरासमोर, वाऱ्याच्या तोंडावर बांधू नका. माप साच्याचंच ठेवा. साचा ग्रामसंघाने एकदा करून घेतला तर सगळ्या गटांना पुरेल. दुरुस्ती करतानाही साचा आत घालूनच लिंपायचं.

भांडं भोकावर नीट बसलं पाहिजे. वैल रिकामं असेल तेव्हा त्यावर झाकण ठेवायचं, नाहीतर धूर तिथूनच वर येतो.

आणि काजळी. कोरड्या दिवसांत महिन्यातून एकदा, ओल्या जळणाच्या दिवसांत पंधरा दिवसांतून एकदा. लांब बांबूला चिंधी बांधून पाईप साफ करायचा. खालच्या बाजूला उघडता येईल अशी जागा चूल बांधतानाच ठेवून घ्या, मग छपरावर चढावं लागत नाही.

आणखी एक. मातीची चूल सावकाश वाळली पाहिजे. घाईने जाळ घातला तर तडे जातात. म्हणून ती चैत्र-वैशाखात बांधायची. मसाले, सुकी मासळी, पापड अशी आगोटीची कामं करतो, त्यातच हे धरायचं. जुलैत बांधलेली चूल दिवाळीपर्यंत ओलीच राहते.

आता सुटी चूल. हिच्या आत खाली जाळी असते, जाळीखालून हवा येते, त्यामुळे लाकूड चांगलं जळतं. भारतीय मानक ब्युरोचं सुट्या चुलींसाठी आयएस १३१५२ हे मानक आहे. त्याप्रमाणे बिनपंख्याच्या चुलीची कार्यक्षमता निदान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के हवी. म्हणजे शंभर रुपयांचं लाकूड जाळलं तर पंचवीस रुपयांची आच भांड्याला लागली पाहिजे. आपल्या तीन दगडांच्या चुलीत ती दहा-पंधरा रुपयांचीच लागते, बाकी सगळं वाऱ्यावर. तेव्हा विकणारा आला की आधी विचारा, या मानकाचं प्रमाणपत्र आहे का. उत्तर देताना तो अडखळला तर हप्त्याच्या कागदावर सही करू नका, हप्ता कितीही लहान असो.

सुट्या चुलीचं मोठं सुख म्हणजे ती उचलून नेता येते. उन्हाळ्यात अंगणात, पावसाळ्यात पडवीत. घर भाड्याचं असेल, किंवा भाऊबंदकीत अडकलं असेल, तर बांधलेली चूल आपल्याबरोबर येत नाही, ही येते. खाजणाच्या कडेला ज्यांची घरं आहेत, जिथे उधाणाचं पाणी आत शिरतं, तिथे जमिनीवरची मातीची चूल विरघळून जाते. तिथे सुटी बरी, नाहीतर उंच ओट्यावर बांधावी.

३ जून २०२० कुणीच विसरलेलं नाही. निसर्ग वादळात माझ्या घराची कौलं गेली आणि त्यांच्याबरोबर धुराडंही गेलं. बांधलेल्या चुलीत पाऊस साचला. पुढे कितीतरी दिवस आमच्या सात माणसांचं जेवण जावेच्या सुट्या चुलीवर, पडवीच्या एका कोपऱ्यात झालं. त्या दिवसांत मला सुट्या चुलीची किंमत कळली.

पण दोषही ऐका. एक, आपला खारा वारा. पातळ पत्र्याची चूल दोन-तीन पावसाळ्यांत गंजते, जाळी तर आधीच जाते. जाळी बदलून मिळते का आणि कुठे, हे घेण्याआधी विचारा. दोन, लाकूड बारीक फोडून घालावं लागतं. अख्खं लाकूड पुढे सारत राहायची आपली सवय तिथे चालत नाही. झावळीही तोडून घालावी लागते, आणि तिच्या राखेने जाळी बुजते. तीन, मोठा टोप ठेवला की ती डुलते. रांगतं पोर घरात असेल तर आधणाचा टोप तिच्यावर ठेवूच नका. आणि चार, सगळ्यात मोठं. धूर कमी झाला तरी तो घरातच राहतो. पावसाळ्यात दार लावून सुटी चूल आत पेटवली, तर ‘सुधारित’ हा शब्द फक्त खोक्यावर राहतो.

आता जे सांगणार आहे ते सांगताना अजून माझा हात थरथरतो.

माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण आषाढात झालं. तिला शेक द्यायला आम्ही खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. सगळ्याच ठेवतात, माझ्या आईनेही मला ठेवली होती. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकी लावली, फटीत फडकं कोंबलं. निखारे लालभडक होते, धुराचा मागमूस नव्हता. मला वाटलं, धूर नाही म्हणजे भीती नाही. तासाभराने लेक म्हणाली, आई, डोकं फार जड झालंय. मग उलटी झाली. बाळ दुधाला तोंड लावेना, नुसतं झोपलेलं. मी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला बसले. तेवढ्यात शेजारची वहिनी आली, तिने आत पाऊल टाकलं आणि खिडकी उघडली. दोघांना उचलून पडवीत नेलं. मोकळ्या हवेत आल्यावर हळूहळू बाळ रडलं. ते रडणं अजून माझ्या कानात आहे.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्याला झोंबत नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो, आणि माणूस झोपेतच जातो. धूर दिसतो म्हणून आपण उठून दार तरी उघडतो. हा दिसतच नाही.

म्हणून हात जोडून सांगते. बंद खोलीत शेगडी ठेवू नका, बाळंतिणीला नको आणि म्हाताऱ्या माणसालाही नको. शेक द्यायचा असेल तर कापड बाहेर चुलीवर तापवा आणि ते आणून शेका. आधी स्वतःच्या गालाला लावून बघा. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून द्या. आणि शेगडीजवळ कुणाचं डोकं दुखलं, मळमळलं, गुंगी आली, तर पहिलं काम म्हणजे त्यांना मोकळ्या हवेत न्यायचं आणि १०८ ला फोन करायचा. दृष्ट नंतर काढा.

एका आजीने मला विचारलं, ‘धूर बाहेर घालवलास तर माळ्यावरचं बियाणं किडेल, वासे वाळवी खाईल, त्याचं काय?’ आजींचं खरं आहे. धुराने वासे टिकतात, बियाणं टिकतं, सुकटही टिकते. पण त्याला दुसरे उपाय आहेत. बियाणं पावसाआधी कडकडीत उन्हात वाळवून, राख मिसळून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवता येतं. सुकी मासळी तापलेल्या ओट्याच्या वर टांगली तर ऊब तिलाही मिळते. छातीला मात्र असा डबा नाही.

आणि पाण्याचं? ज्यांच्याकडे जुना तांब्याचा बंब आहे, त्यांनी तो मोडीत घालू नका. त्याच्या पोटातून नळी जाते, भोवती पाणी असतं, त्यामुळे आच वाया जात नाही. करवंट्या, लाकडाचे तुकडे टाकले की चार माणसांचं पाणी होतं. फक्त त्याची जागा न्हाणीबाहेर, पडवीत. आणि काहीही पेटवताना पावसात जळण धरत नाही म्हणून प्लास्टिकची पिशवी, थर्माकोल किंवा तुटक्या जाळीचा नायलॉन घालू नका. तो धूर लाकडाच्या धुराहून वाईट. त्यापेक्षा मे महिन्यातच सोडणं आणि करवंट्या पोत्यात भरून कोरड्यात ठेवा.

मग माझं मत काय? घर आपलं आहे, छपरातून किंवा भिंतीतून पाईप काढता येतो, चूल रोज आतच पेटते आणि महिन्याला पाईप साफ करणारं माणूस घरात आहे, तर बांधलेली घ्या. घर भाड्याचं आहे, पाणी शिरतं, झापांचं छप्पर आहे, किंवा चूल बाहेर पडवीतच पेटते, तर सुटी घ्या, पण ती आत आणायची नाही असं स्वतःला बजावून घ्या. आणि दोन्हींतलं काहीच जमत नसेल, तर कर्ज काढू नका. आहे त्या चुलीच्या डोक्यावर दोन कौलं उचलून धुराला वाट करा, रोजचा स्वयंपाक गॅसवर करा, आणि पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या बैठकीपर्यंत दोन्ही गटांनी तीन गोष्टी कराव्यात असं मी सुचवते. पहिली, आठवडाभराचं जळण ताणकाट्याने मोजा. मासळीचा काटा प्रत्येक पाड्यात एक तरी आहेच. आज किती किलो जळतं हे ठाऊक नसेल, तर उद्या किती वाचलं हे कोण सांगणार? दुसरी, ज्या बाईच्या घरी नवी चूल आहे तिच्याकडे जाऊन एक जेवण रांधून बघा. विकणाऱ्याने जत्रेत पाणी उकळून दाखवलं म्हणून भुलू नका. आपली भाकरी तिच्यावर फुगते का ते बघा. तिसरी, कर्जाच्या अर्जावर दोन ओळी जास्त लिहा. ‘धूर कुठून जाणार?’ आणि ‘पाईप किंवा जाळी कोण साफ करणार?’ दुसऱ्या ओळीत नाव लिहायचं. ते नाव बाईचंच असलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. नवऱ्याचं चालेल, दिराचं चालेल, पोराचं तर नक्की चालेल. बांबू धरायला त्यांचेही हात आहेत.

ज्या अर्जावर या दोन ओळी भरलेल्या असतील, त्याला मी हात वर करीन, चूल कुठलीही असो. माझी नात आता शाळेत जाते. आषाढात ती चुलीजवळ अभ्यासाला बसते, ऊब लागते म्हणून. खिडकी मात्र ती स्वतःच उघडते.